‘आउटडोअर हार्ड’ हा खरोखर एकच पृष्ठभाग आहे का? महिला टेनिस स्पर्धांविषयी एक शंका

सांजवात (प्रश्न)

नमस्कार. गेली तीन-चार वर्षे मी महिला टेनिसचा मोसम जानेवारीपासून नेमाने पाहते आहे. पूर्वी ग्रँड स्लॅम स्पर्धांचे उपांत्य आणि अंतिम सामने तेवढे पाहत असे. आता डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या १०००, ५०० आणि २५० गुणांच्या स्पर्धाही पहिल्या फेरीपासून पाहते, आणि त्यामुळेच एक शंका मनात घर करून बसली आहे.

माती आणि गवत यांतील फरक समजायला अवघड नाही. मातीवर चेंडू उसळतो आणि त्याचा वेग मरतो, गवतावर तो खाली राहून घसरत पुढे येतो, हे कोणालाही दिसते. हार्ड कोर्टच्या बाबतीत मात्र स्पर्धेच्या माहितीत ‘आउटडोअर हार्ड’ एवढेच लिहिलेले असते आणि पडद्यावर सगळी कोर्ट सारखीच दिसतात. मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामी या दोन स्पर्धा लागोपाठ होतात. दोन्ही १००० गुणांच्या, दोन्हींत ९६ खेळाडूंचा ड्रॉ (सामन्यांच्या जोड्यांचा तक्ता), दोन्ही उघड्यावरच्या हार्ड कोर्टवर. तरीही पहिल्या ठिकाणी जिचा टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी दिलेला फटका) समोरच्या खेळाडूच्या खांद्यावर चढत होता, तीच पुढच्या आठवड्यात मायामीत चाचपडताना दिसते. समालोचक ‘इथले कोर्ट संथ आहे’ किंवा ‘चेंडू जड झाला आहे’ असे सांगून मोकळे होतात. हा फरक मोजता येण्यासारखा आहे, की हरलेल्या खेळाडूला सांभाळून घेण्यासाठी दिलेले ते कारण आहे?

दुसरी शंका मला याच्याशीच जोडलेली वाटते. पहिल्या फेरीत बाय (न खेळता थेट पुढच्या फेरीत प्रवेश) मिळालेली, ताजीतवानी मानांकित खेळाडू आपल्या पहिल्याच सामन्यात पात्रता फेरीतून आलेल्या, क्रमवारीत शंभराच्या आसपास असलेल्या मुलीकडून हरते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याला केवळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. विश्रांती मिळालेली हरते आणि थकलेली जिंकते, याचा कोर्टशी काही संबंध असेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अधोरेखा

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देऊ शकेन, कारण मी बरीच वर्षे खेळांच्या मैदानांच्या बांधकामात काढली आहेत आणि टेनिस कोर्टवर ॲक्रिलिकचे थर चढवण्याचे काम स्वतः केले आहे. फरक खरा आहे आणि तो मोजताही येतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टच्या वेगाला एक अंक देतो आणि त्यावरून पाच गट पाडतो. २९ पर्यंतचे कोर्ट संथ, ३० ते ३४ मध्यम-संथ, ३५ ते ३९ मध्यम, ४० ते ४४ मध्यम-वेगवान आणि ४५ किंवा त्याहून अधिक अंकाचे वेगवान. हार्ड कोर्ट यांपैकी कोणत्याही गटात बसू शकते. ‘हार्ड’ हा शब्द कोर्ट कशाचे केले आहे एवढेच सांगतो. त्यावर चेंडू कसा वागेल, हे त्या शब्दातून कळत नाही.

कोर्टच्या तळाशी डांबराचा किंवा काँक्रीटचा पाया असतो, पाणी वाहून जावे म्हणून त्याला डोळ्यांना न जाणवणारा एका बाजूचा उतार दिलेला असतो. पायावर खाचखळगे भरणारा थर येतो, काही ठिकाणी त्यावर रबराचे कण मिसळलेले मऊ थर देतात, आणि सर्वांत वर रंगाचे थर. या रंगात बारीक वाळू कालवलेली असते आणि सगळी गोम त्या वाळूत आहे. वाळू जाड आणि भरपूर असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो, चेंडू टेकताच त्याला पकडतो, त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो अधिक उभ्या कोनात वर येतो. वाळू बारीक किंवा कमी असेल, अथवा वर्षभराच्या खेळाने तिचे कोपरे झिजले असतील, तर तोच चेंडू कमी घासला जाऊन खालून सटकतो. म्हणजे त्याच कंपनीच्या त्याच डब्यातील रंग दोन कारागिरांनी वेगवेगळ्या वाळूने चढवला तर दोन वेगळी कोर्ट तयार होतात. हे मी स्वतःच्या हाताने केलेले आहे. एकाच संकुलातील दोन कोर्टवर आमच्याकडून वाळूचे प्रमाण थोडे कमी-जास्त झाले होते आणि तिथे सराव करणाऱ्या मुलींनी पहिल्याच दिवशी, आम्ही काही सांगण्यापूर्वी, कोणते कोर्ट संथ आहे ते अचूक सांगितले. त्या चुकीची मला आजही खंत वाटते, कारण स्पर्धेत एकीला एका कोर्टवर आणि दुसरीला दुसऱ्यावर खेळावे लागणे न्याय्य नव्हते.

मोठ्या स्पर्धांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन ओपन १९७४ पर्यंत गवतावर, पुढची तीन वर्षे हिरवट मातीवर आणि १९७८ पासून फ्लशिंग मेडोजच्या हार्ड कोर्टवर खेळली जाते. ख्रिस एव्हर्टने १९७५, १९७६ आणि १९७७ ही तीन विजेतेपदे मातीवर मिळवली आणि १९७८ चे हार्ड कोर्टवर. संयम हाच जिचा पाया, त्या खेळाडूला पृष्ठभाग बदलला त्याच वर्षी पुन्हा जिंकता आले, याचे मला नेहमीच फार कौतुक वाटत आले आहे. ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ मध्ये गवतावरून मेलबर्नच्या नव्या संकुलात आली तेव्हा तिथे रिबाउंड एस नावाचा हिरवा, रबरी अंगाचा पृष्ठभाग होता. कडक उन्हात तो चिकट होतो, पाय अडकतो आणि घोटे दुखावतात, अशी खेळाडूंची तक्रार असे. २००८ मध्ये त्याच्या जागी निळे प्लेक्सिकुशन आले आणि २०२० मध्ये ग्रीनसेट. अमेरिकन ओपननेही २०२० मध्ये डेकोटर्फ सोडून लेकोल्ड घेतले, आणि इंडियन वेल्सनेही २०२५ मध्ये लेकोल्डच घेतले. ही सगळी कोर्ट ‘आउटडोअर हार्ड’ याच सदरात मोडतात, पण त्यांवर खेळलेल्या खेळाडूंना ती एकसारखी मुळीच वाटलेली नाहीत.

आपण म्हणता की डोळ्यांना काही दिसत नाही, ते अगदी बरोबर आहे. हार्ड कोर्ट पुरावाच ठेवत नाही. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो आणि पंच खाली उतरून तो पाहू शकतात, इथे तसे काही नसते. २००४ च्या अमेरिकन ओपनमध्ये सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रियाती यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात झालेल्या ढोबळ चुकांनंतर कॅमेऱ्यांची मदत घेण्याच्या मागणीला जोर आला. २००६ मध्ये त्याच स्पर्धेत खेळाडूंना निर्णयाला आव्हान देता येऊ लागले, आणि २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सर्वच कोर्टवरून रेषापंच गेले.

पृष्ठभागाइतकाच महत्त्वाचा दुसरा घटक म्हणजे चेंडू. नियमानुसार त्याचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम आणि व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असावा लागतो. पण त्यावरची लोकर किती दाट आणि किती घट्ट आहे, यावर त्याचे वागणे ठरते. २०२२ पर्यंत अमेरिकन ओपनमध्ये पुरुषांना जाड लोकरीचे आणि महिलांना पातळ, घट्ट लोकरीचे चेंडू दिले जात. जाड लोकर खेळताना पिंजून फुगते आणि हवेत चेंडूला अडवते. पातळ लोकर खरखरीत कोर्टवर लवकर झिजते, चेंडू हलका झाल्यासारखा वाटतो आणि जोरदार फटका रेषेबाहेर जाऊ लागतो. इगा श्वियाँतेकने २०२२ मध्ये या चेंडूंबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती आणि त्याच वर्षी त्याच चेंडूंनी ती स्पर्धा जिंकलीही. २०२३ पासून तिथे महिलाही जाड लोकरीच्याच चेंडूंनी खेळतात. तेव्हा कोर्ट जुने, खेळाडू जुन्या, पण चेंडू बदलला की स्पर्धेचा स्वभाव बदलतो. याचा उल्लेख प्रक्षेपणात फार क्वचित होतो, तो दर सामन्याच्या सुरुवातीला व्हायला हवा असे माझे ठाम मत आहे.

दुसरी सर्व्हिस

अधोरेखा यांनी ‘हार्ड’ या शब्दाचा उलगडा केला, मी ‘आउटडोअर’ या शब्दाबद्दल लिहिते. अनेक वर्षे लहानमोठ्या स्पर्धांमध्ये रेषापंच म्हणून उभी राहिले असल्याने ऊन आणि वारा या गोष्टी मी पायांच्या तळव्यांतून शिकले आहे.

इंडियन वेल्स कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे. तिथले कोर्ट खरखरीत आणि संथ म्हणून प्रसिद्ध आहे, पण दुपारची हवा गरम आणि कोरडी असते. अशा हवेत चेंडू फटक्यानंतर भराभर येतो, आतला दाब वाढल्याने टेकल्यावर खूप उंच उसळतो, आणि खरखरीत पृष्ठभागाने त्याचा पुढचा वेग तेवढा मारलेला असतो. टॉपस्पिन मारणाऱ्या मुलींना याहून चांगले काय हवे? सूर्य मावळला की वाळवंट झपाट्याने थंड होते, चेंडू मऊ पडतो, उसळी कमी होते आणि दुपारी ज्या फटक्याने गुण मिळाला तोच संध्याकाळी परत येतो. एकाच दिवशी एकाच कोर्टवर दोन स्पर्धा चालल्यासारखे ते असते. मायामी समुद्रकाठी आहे. तिथल्या दमट हवेत लोकर ओलावा धरते, चेंडू फुगल्यासारखा होतो आणि वाऱ्याचा भरवसा नसतो. म्हणून खेळाडू रॅकेटच्या तारांचा ताण किलो-अर्धा किलोने कमी-जास्त करून घेतात. चेंडू उडतो आहे असे वाटले तर ताण वाढवतात, जड वाटला तर उतरवतात. सामना चालू असताना एखादी खेळाडू तारा बदलण्यासाठी रॅकेट बाहेर पाठवते, तेव्हा तिच्या हाताला कोर्टाचा वेग जाणवलेला असतो.

उंचीचा परिणाम तर याहून ठळक आहे. मेक्सिकोतील ग्वादलाहारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. २०२१ ची डब्ल्यूटीए फायनल्स तिथे उघड्या हार्ड कोर्टवर झाली आणि गार्बिने मुगुरुसाने ती जिंकली. हवा विरळ असल्याने चेंडूला अडवणारे काही नसते, म्हणून नियमांतच १,२१९ मीटरहून उंच ठिकाणांसाठी वेगळ्या चेंडूंची सोय आहे.

उष्णतेबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण प्रेक्षकांना ती पडद्यावर दिसत नाही. हार्ड कोर्ट दिवसभर ऊन पिते आणि ते खालून परत देते. हवेचे तापमान सहन होण्याजोगे असले तरी बुटातून तळवे भाजतात, आणि बेसलाइनवर (कोर्टच्या मागच्या रेषेवर) उभ्या खेळाडूला वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी उष्णता सोसावी लागते. केवळ तापमापकाच्या आकड्यावर निर्णय घेणे म्हणूनच चुकीचे आहे. ऑस्ट्रेलियन ओपनने २०१९ मध्ये हवेचे तापमान, पृष्ठभागासह सर्वत्र जाणवणारी उत्सर्जित उष्णता, आर्द्रता आणि वारा असे चार घटक एकत्र करून १ ते ५ अशी मोजपट्टी आणली. ती ४ ला पोहोचली की महिला एकेरीत दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटच्या मध्ये १० मिनिटांची विश्रांती मिळते, ५ ला पोहोचली की बाहेरच्या कोर्टवरील खेळ थांबतो. महिलांच्या टूरवर अशी विश्रांती १९९० च्या दशकापासून आहे. अमेरिकन ओपनने पुरुषांना ती प्रथम २०१८ मध्ये दिली. या बाबतीत महिला टेनिसने आधी शहाणपण दाखवले, ही गोष्ट वारंवार सांगितली पाहिजे.

नियम असूनही गफलत होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२१ रोजी पॉला बादोसाला उष्माघातामुळे उपांत्यपूर्व सामना अर्धवट सोडावा लागला आणि तिला चाकांच्या खुर्चीतून बाहेर न्यावे लागले. दुसऱ्या दिवसापासून सामने दुपारी ३ वाजता सुरू होऊ लागले. खेळाडू त्याआधीच वेळ बदलण्याची विनंती करत होते. एका मुलीला खुर्चीतून न्यावे लागल्यावर वेळापत्रक बदलले जावे, याचे मला आजही वाईट वाटते.

सांजवात

दोघांचेही मनापासून आभार. चेंडूच्या लोकरीचा मुद्दा मला पूर्णपणे नवा आहे. आता कोर्ट हा एक आकडा नसून पृष्ठभाग, चेंडू आणि हवा यांचा दर आठवड्याला नव्याने जमणारा मेळ आहे, असे मी समजते. पण मग माझी दुसरी शंका अधिकच तीव्र होते. हा मेळ प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावा लागत असेल, तर तो शिकायला कोणाला किती वेळ मिळतो?

मृगजळ

नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर ड्रॉच्या रचनेत आहे. मी एक प्रशिक्षक आहे. माझ्या विद्यार्थिनी खालच्या स्तरावरच्या स्पर्धा खेळतात, त्यामुळे हे दुसऱ्या टोकाकडून पाहत आलो आहे.

९६ खेळाडूंच्या ड्रॉमध्ये ३२ मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत बाय मिळतो. उरलेल्या ६४ जणी पहिली फेरी खेळतात आणि त्यांतल्या ३२ विजेत्या दुसऱ्या फेरीत मानांकितांसमोर उभ्या राहतात. या ६४ मध्ये १२ जणी पात्रता फेरीतून आलेल्या असतात आणि त्यासाठी त्यांनी तिथेच दोन सामने जिंकलेले असतात. म्हणजे पात्रता फेरीतून आलेली मुलगी दुसऱ्या फेरीत पोहोचते तेव्हा तिने त्याच संकुलात, त्याच चेंडूंनी, त्याच वाऱ्यात तीन सामने खेळून जिंकलेले असतात. समोरची मानांकित खेळाडू तिथे आठवडाभर आधी आलेली असली तरी तिने फक्त सराव केलेला असतो, आणि मोठ्या स्पर्धेत सरावासाठी कोर्ट ठरावीक वेळापुरतेच मिळते, तेही बहुधा दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून. सरावात चेंडू कसा उसळतो ते कळते. ४-४ अशा बरोबरीत, ३०-४० वर, वारा तोंडावर असताना दुसरी सर्व्हिस किती आत टाकायची, हे सामन्यातच कळते. बाय ही मोठी सवलत आहे हे खरे, पण त्या सवलतीत कोर्टची ओळख मिळत नाही. शिवाय बाय मिळालेली खेळाडू पहिलाच सामना हरली तर तिला पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूइतकेच, म्हणजे १००० च्या स्पर्धेत १० गुण मिळतात. ते दडपण वेगळेच.

एम्मा राडुकानूचे २०२१ चे अमेरिकन ओपन विजेतेपद मी याच नजरेने पाहतो. जगात १५० व्या क्रमांकावर असलेली ही मुलगी पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने खेळली आणि एकही सेट न गमावता जिंकली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पहिलीच खेळाडू. तिच्या असामान्य गुणवत्तेबद्दल दुमत नाही, पण मुख्य ड्रॉची पहिली सर्व्हिस केली तेव्हा ते कोर्ट तिच्या अंगवळणी पडले होते, हेही तितकेच खरे. अंतिम सामन्यात लेला फर्नांडिसविरुद्ध विजय दोन गुणांवर असताना परतीचा फटका घेण्यासाठी घसरून तिचा गुडघा खरचटला आणि रक्त थांबवण्यासाठी खेळ थांबवावा लागला. हार्ड कोर्टवरची वाळू अंगाला काय करते, हे त्या दृश्यात सर्वांना दिसले.

घसरण्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट नोंदवतो. मातीवर घसरत चेंडूपर्यंत जाणे स्वाभाविक आहे, हार्ड कोर्टवर ते शिकावे लागते आणि शरीराला महाग पडते. किम क्लिज्टर्स दोन्ही पाय फाकून बेसलाइनच्या टोकापर्यंत घसरत जाई आणि तिथून पूर्ण ताकदीचा फटका मारी. आज अनेक मुली तसे करतात. मी मात्र वयाने लहान विद्यार्थिनींना ते शिकवत नाही. खरखरीत कोर्टवर पाय अपेक्षेआधी अडकला तर सगळा भार गुडघ्यावर आणि कमरेवर येतो, आणि कोर्ट किती पकडते हे ज्यांना पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येत नाही त्यांच्यासाठी हा धोका आहे.

दुसरी सर्व्हिस

मृगजळ यांचा मुद्दा मला बऱ्याच अंशी मान्य आहे, पण तो पूर्ण मानता येत नाही. २००९ मध्ये क्लिज्टर्स स्वतः मातृत्वानंतर परतली आणि केवळ तिसऱ्या स्पर्धेत, वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेल्या थेट प्रवेशावर), अमेरिकन ओपन जिंकली. बियांका आंद्रेस्कूने २०१९ मध्ये इंडियन वेल्सचे विजेतेपद वाइल्ड कार्डवरच मिळवले. आणि आपल्या सर्वांच्या आठवणीतली सानिया मिर्झा २००५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्ड घेऊन आली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. या तिघींपैकी कोणीही त्या स्पर्धेची पात्रता फेरी खेळली नव्हती. तेव्हा पात्रता फेरीलाच सगळे श्रेय देणे योग्य होणार नाही.

मृगजळ

आक्षेप रास्त आहे. मी माझे म्हणणे थोडे सुधारतो. पात्रता फेरीच पाहिजे असे नाही, तशाच परिस्थितीत अलीकडे खेळलेले सामने पाहिजेत. आंद्रेस्कूचेच उदाहरण घेऊ. २०१९ च्या जानेवारीत ऑकलंडला ती पात्रता फेरीतून थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली, त्याच महिन्यात तिने न्यूपोर्ट बीचची ‘१२५’ या स्तराची स्पर्धा जिंकली आणि इंडियन वेल्सच्या आधी अकापुल्कोला उपांत्य फेरी गाठली. या सगळ्या स्पर्धा हार्ड कोर्टवरच्या. वाइल्ड कार्डवर आलेली खेळाडू म्हणून आपण तिच्याकडे पाहतो, पण त्या मोसमात तिच्याइतके हार्ड कोर्टवरचे सामने खेळलेल्या मुली फार नसतील. क्लिज्टर्सनेही अमेरिकन ओपनच्या आधी सिनसिनाटी आणि टोरंटो इथे सामने खेळले होते. तिच्या प्रतिभेपुढे मात्र माझे सगळे हिशेब अपुरे पडतात, हे मी मान्य करतो.

१२५ गुणांच्या स्पर्धांकडे प्रेक्षकांचे दुर्लक्ष होते, त्याचे मला म्हणूनच दुःख होते. विजेतीला तिथे १२५ आणि उपविजेतीला ८१ गुण मिळतात, म्हणजे मोठ्या स्पर्धेच्या तुलनेत फारच थोडे. पण पहिल्या शंभरात शिरू पाहणारी मुलगी आणि दुखापतीतून परतणारी नावाजलेली खेळाडू यांना सलग पाच सामने खेळण्याची संधी तिथेच असते. टेनिस शिकताना सलग सामन्यांना पर्याय नाही.

अधोरेखा

सांजवात, पुढच्या स्पर्धेत हे सगळे स्वतः पडताळून पाहायचे असेल तर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हिस परतवणारी खेळाडू कुठे उभी राहते. पहिल्या दोन-तीन गेममध्ये ती बेसलाइनच्या मागे असेल आणि हळूहळू पुढे सरकू लागली, तर कोर्टने तिला वेळ दिला आहे. मागे-मागे जात असेल तर चेंडू तिच्या अंदाजाआधी पोहोचतो आहे.

दुसरी गोष्ट नव्या चेंडूंची. मोठ्या स्पर्धांत साधारणपणे पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात, कारण सामन्याआधीचा सराव दोन गेमइतका धरला जातो. म्हणजे आठव्या, सतराव्या आणि सव्विसाव्या गेममध्ये नवे, कडक चेंडू येतात. सर्व्हिस करणारी खेळाडू त्या वेळी चेंडू वर धरून समोरच्या खेळाडूला दाखवते. चांगली सर्व्हिस असलेल्या खेळाडूला त्या गेममध्ये बिनतोड सर्व्हिस सहज मिळतात, तर जुन्या चेंडूंच्या शेवटच्या दोन गेममध्ये लांबलचक रॅली होऊन सर्व्हिस भेदली जाते, म्हणजे सर्व्हिस करणारीच तो गेम हरते. हा फरक ठळक असेल तर त्या ठिकाणचा चेंडू लवकर पिंजतो किंवा झिजतो आणि कोर्ट खरखरीत आहे असे समजावे. फरक जवळपास जाणवलाच नाही तर वाळू बारीक आहे. शक्य झाल्यास एक दुपारचा आणि एक रात्रीचा सामना त्याच कोर्टवरचा निवडा आणि दोन्हींचे आठवे गेम लागोपाठ पाहा.

सांजवात

तसेच करते. पात्रता फेरीपासून पाहीन, आणि दुपारच्या व रात्रीच्या सामन्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवून इथेच लिहीन.